हाफ इंजिन की फुल इंजिन? जुन्या कॅम्परसाठी भंगारातलं इंजिन घेताना

फोनवर "ट्रॅव्हलरचं इंजिन आहे काय हो" म्हणून विचारलं की एक भंगारवाला एक भाव सांगतो आणि दुसरा त्याच्या जवळपास निम्मा, तेव्हा दुसरा काय आपला सोयरा लागत नाही, बहुतेक वेळा पहिला फुल इंजिनाचा भाव सांगत असतो आणि दुसरा हाफचा. गोव्यात जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत बेड, सिंक टाकून कॅम्पर करणारे बरेच आहेत, आणि इंजिन गेलं की म्हापसा-मडगावात नाही मिळालं तर बेळगाव, कोल्हापूर, नाहीतर थेट मुंबईला कुर्ल्याला फोन जातो, म्हणजे माल डोळ्यांनी बघायच्या आधीच सौदा ठरतो.

हाफ म्हणजे खालचा भाग. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा), क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, खाली ऑइलचं भांडं म्हणजे संप, वरून उघडं. फुल म्हणजे त्याच्यावर हेड (ब्लॉकचं वरचं झाकण), व्हॉल्व्ह आणि ते उघडणारा कॅमशाफ्ट चढवलेलं. पण फुल म्हणजे नेमकं काय काय ते प्रत्येक यार्डात वेगळं असतं. डिझेल पंप, सेल्फ (स्टार्टर मोटर), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), मॅनिफोल्ड, फ्लायव्हील, एकेकाचं नाव घेऊन विचारायचं आणि चारी बाजूंचे फोटो मागवायचे, "सगळं आहे पात्रांव (मालक)" एवढ्यावर अ‍ॅडव्हान्स पाठवू नका.

आता जुन्या ट्रॅव्हलरचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम 616 च्या घराण्यातलं, 2.4 लिटर, चार सिलिंडर. यात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहे, प्री-चेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी पोकळी) आणि थंड इंजिन सुरू करताना ती तापवणारे ग्लो प्लगसुद्धा हेडमध्येच. म्हणजे हाफ घेतलं तर हे सगळं तुमच्या जुन्या इंजिनातूनच काढून लावायचंय, आणि म्हणून आधी हे बघा की जुनं इंजिन कशामुळे गेलं. ऑइल प्रेशर पडलं, बेअरिंग वाजायला लागलं आणि हेड शाबूत आहे, तर हाफ एकदम बरोबर. पण चोर्ला घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला आणि तरी कोणी गाडी तशीच रेटली असेल तर हेड वाकलेलं नाहीतर तडकलेलं असायची शक्यता भरपूर, ते चांगल्या ब्लॉकवर ठेवलं की गॅस्केट पुन्हा उडालंच समजा. त्यामुळे हेड आधी मशीन शॉपला देऊन सपाटी आणि प्रेशर टेस्ट, मगच हाफचा भाव करायचा. शिवाय हाफच्या किमतीत गॅस्केट सेट, टायमिंग चेनचं काम, पंपाचं टायमिंग आणि मजुरी धरा. एवढं धरल्यावर स्वस्त म्हणून घेतलेलं हाफ फुलच्या अगदी जवळ जातं, मी तरी हेड शंभर टक्के चांगलं असल्याशिवाय हाफच्या वाटेला जाणार नाही.

दुसरा फरक तपासण्याचा. फुल इंजिनाला बॅटरी आणि सेल्फ लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजता येतं, डिझेलचा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही, कारण इथे कॉम्प्रेशन रेशो 21:1 आहे, म्हणजे दाब पेट्रोलपेक्षा बराच जास्त. चारी सिलिंडरच्या आकड्यांत 3 बारपेक्षा जास्त फरक नको. हाफला हेडच नाही तर मोजणार कशात? तिथे डोळे आणि बोटं. बोअरच्या (पिस्टन चालतो त्या नळीच्या) वरच्या कडेला नख फिरवा, नख अडकलं म्हणजे झीज झालीय, भिंतीवर होनिंगच्या (बोअर घासून तयार केल्याच्या) तिरक्या रेघा दिसायला हव्यात, आणि क्रँक हाताने पान्याने पूर्ण गोल फिरायला हवा, मध्येच अडायला नको. आपल्याकडे एक पावसाळा उघड्यावर पडलेलं हाफ म्हणजे बोअरमध्ये गंज आलाच, त्यात किनाऱ्याचा खारा वारा. वरून ग्रीस फासलेलं दिसलं तर पुसून खाली काय आहे ते बघा.

मध्येच एखादा ट्रॉलरचं इंजिन स्वस्तात दाखवेल. बोटीसाठी बदललेल्या इंजिनाचं कूलिंग आणि एक्झॉस्ट वेगळं असतं, सोडून द्या.

एका बाबतीत मात्र हाफ आणि फुल सारखंच, आणि लोक नेमके इथेच फसतात. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. "अर्धंच बदललंय, आरटीओत कशाला जायचं" हे चालत नाही, ब्लॉक बदलला म्हणजे इंजिन बदललं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली मंजुरी घेऊन आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो, नाहीतर फिटनेसला गाडी अडते आणि इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी बोट ठेवतात. यार्डवाल्याकडून तो नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या, ज्या गाडीतून इंजिन काढलंय तिच्या कागदाची कॉपीही मागा. नंबर घासलेला दिसला तर फुकट दिलं तरी नको.

आणि व्हॅक्यूम पंप विसरू नका. डिझेलमध्ये ब्रेक बूस्टरला (पेडल हलकं करणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम हा पंपच देतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो, अल्टरनेटर आला नाही तर तोही आला नाही. नवं इंजिन मस्त सुरू होतं आणि ब्रेक पेडल दगडासारखं, तेव्हा पर्वरीच्या उतारावर न्यायच्या आधी गॅरेजच्या आवारातच दोनतीनदा दाबून बघा.