शिंदळ माकुडी

(लॅ. फ्रेरिया इंडिका, कुल – ॲपोसायनेसी, जुन्या वर्गीकरणात रुई कुल). सह्याद्रीच्या कड्यांवर, खडकांच्या फटींत वाढणारी मांसल बहुवर्षायू ओषधी (नरम खोडाची लहान वनस्पती). ती केवळ महाराष्ट्रात आढळते. ‘शिंदळ माकडी’ असाही नामभेद आहे.

जातीचे पहिले वर्णन निकोल डॅल्झेल यांनी 1865 च्या सुमारास केले आणि वंशाला (जवळच्या जातींच्या गटाला) मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. वर्णनासाठी वापरलेल्या मूळ नमुन्याचे ‘हेवरा’ हे स्थान बहुधा जुन्नरजवळचे हिवरे असावे. तेथे त्या काळी सरकारी वनस्पती उद्यान होते. नमुना बागेतला की आसपासच्या डोंगरातला, अशी शंका त्यामुळे घेता येते. जवळच शिवनेरीच्या कड्यावर ही वनस्पती असल्याने दुसरी शक्यता अधिक वाटते.

वंशाबद्दल एकमत नाही. जवळच्या माकडशिंग गटातील वनस्पतींची पाने नाममात्र असतात. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात खरी, लंबगोल पाने येतात आणि कोरड्या दिवसांत गळतात. स्वतंत्र वंशाचा मुख्य आधार हाच. 1958 मध्ये रोली यांनी ती कॅरालुमा वंशात घातली, पुढे ती बाऊसेरोसियात गेली आणि 2017 मध्ये ब्रॉइन्स व सहकाऱ्यांनी हा सगळाच गट कंदीलपुष्पांच्या सेरोपेजिया वंशात विलीन केला. रेणवीय (डीएनएचा) पुरावा पाहता एकाच जातीचा वेगळा वंश टिकवणे कठीण आहे. तरीही संवर्धनाच्या कागदपत्रांत जुनेच नाव चालते, म्हणून येथे तेच ठेवले आहे. जुन्या नोंदी धुंडाळताना चारही नावे पाहावी लागतात.

फुले साधारणतः सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतात. ती पंचकोनी ताऱ्यासारखी, सुमारे 2 सेंमी. व्यासाची, गडद तांबडी व पिवळ्या ठिपक्यांची असतात. परागण माश्यांकडून होते. पेटिका (शेंगेसारखी फळे) जोडीने येतात आणि बियांना रेशमी केसांचा झुबका असतो.

शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा व शिवथरघळ परिसरातून नोंदी आहेत. नेमके कडे छापू नयेत हे बरे. निवडुंगप्रेमी संग्राहकांची मागणी हाही एक धोका आहेच. एकेकाळी जगातील सर्वांत संकटग्रस्त 12 वनस्पतींत तिची गणना झाली. नंतर आणखी ठिकाणे सापडली, पण प्रत्येक ठिकाणचा समूह लहान आहे. शेळ्या पोहोचतील तेवढा भाग खुडला जातो. वणवे, दरडी आणि रस्त्यांसाठी होणारी कडेफोड यांनी उरलेला भाग तुटतो.

अभिवृद्धी छाट कलमांनी सोपी आहे. 8–10 सेंमी. लांबीचे खोडाचे तुकडे सावलीत आठवडाभर सुकू द्यावेत, म्हणजे कापलेले टोक बंद होते. ओला तुकडा लावल्यास तो तळाशी सडतो. माध्यमात जाड वाळू व मुरूम मिळून तीन भाग आणि पालापाचोळ्याचे खत एक भाग असावे. पाणी माध्यम कोरडे झाल्यावरच द्यावे. मुळांवर पिठ्या ढेकूण आणि कोवळ्या खोडावर रुईवरच्या फुलपाखराच्या अळ्या येतात.

कलमांचा दोष असा, की एका झाडापासून केलेली शंभर रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात; ती एकत्र लावली तर बी बहुधा धरतच नाही. म्हणून दोन वेगळ्या मातृझाडांमध्ये हाताने परागण करतात. बारीक सुईच्या टोकाने परागपिंडांची (परागकणांच्या घट्ट गोळ्यांची) जोडी उचलून दुसऱ्या फुलातील परागकोशांमधल्या उभ्या चिरेत सरकवावी लागते. पिंड उलटा बसला तर फळ धरत नाही. पेटिका पिकू लागताच तिच्यावर जाळीची पिशवी बांधतात. एरवी बी वाऱ्यावर जाते. झुबका काढून ताजेच बी पेरावे, जुने कमी रुजते.

पुनर्रोपण पहिले पाऊस स्थिरावल्यावर त्याच डोंगरावरच्या मातृझाडांपासून केलेल्या रोपांनी करतात. निचऱ्याची, दुपारच्या उन्हापासून आडोसा असलेली फट निवडून रोपाभोवती माती व शेवाळ दाबतात. सपाट जागेवर पाणी साचते आणि गुरेही पोहोचतात, म्हणून अशी जागा टाळतात.