‘गोळ्या चुकवल्या नाहीत तर एमडीआर टीबी होत नाही’ हे खरं नाही

‘गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की शरीराला औषधाची सवय होते आणि मग एमडीआर टीबी होतो; बाकीच्यांना तो होत नाही.’ हा समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. एमडीआर म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी. बदलतो तो जंतू, शरीर नव्हे. फुप्फुसातल्या एका पोकळीत १० कोटी जंतू सहज असू शकतात. त्यांतला एखादा, औषधाचा स्पर्शही न होता, जनुकातल्या आपसूक बदलामुळे आयसोनियाझिडला दाद देत नाही. रिफाम्पिसिनला न जुमानणारा त्याहून कितीतरी दुर्मीळ. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि हाच वाढतो. म्हणून नेहमीच्या टीबीत पहिले २ महिने चार औषधं एकत्र, पुढचे ४ महिने तीन. काही जंतू तर आपल्याच मॅक्रोफेज पेशीत (जंतू गिळणारी संरक्षक पेशी), तिची जंतू पचवण्याची यंत्रणा रोखून, सुस्त पडून राहतात. खोकला थांबल्यावरही गोळ्या घ्यायच्या त्या यांच्यासाठी.

आणि बदललेला जंतू हवेतून थेट दुसऱ्याच्या छातीत जातो. टीबीची एकही गोळी कधी न घेतलेल्यालाही एमडीआर होतो, तो असा. अशा रुग्णाला ‘तूच गोळ्या चुकवल्या असशील’ म्हणणं हा अन्याय आहे. उपचार सुरू होतानाच बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी मागा. रिफाम्पिसिन चालेल की नाही हे काही तासांत कळतं.