अंगणात पेव्हर घालण्याआधी

कोकणात घर बांधून झालं की उरलेल्या पैशांत आधी कंपाउंड उभं राहतं, मग अंगणात पेव्हर ब्लॉक येतात आणि शेवटी नर्सरीवाला सांगेल ती झाडं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. इथे आधी पाण्याची वाट ठरवावी. भिंत, फरशी आणि झाडं तिच्यामागून.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर दर गुंठ्यावर तीन लाख लिटर पाणी पडतं, तेही बहुतेक सगळं जून ते सप्टेंबरात. तरी एप्रिल-मेमध्ये कितीतरी विहिरींचा तळ दिसतो.

कारण पायाखाली आहे. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं बेसाल्टसारखा खडक कुजत गेला, त्यातली सिलिका पावसाने धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, तो आपला जांभा. अंगभर भोकं असलेला. त्यात पाणी झरझर उतरतं, पण खाली चिकणमातीचा थर लागला की अडतं आणि उताराच्या अंगाने सरकत वहाळात, म्हणजे ओढ्यात, बाहेर पडतं. म्हणून इथल्या विहिरी पटकन भरतात आणि पटकन उतरतात. अंगणाने जमेल ते एकच काम करावं: पाणी वरच्या मातीत जास्त दिवस थोपवून धरावं.

यात एक धोका मात्र आहे. शोषखड्डा खणा, हा सल्ला हल्ली सरसकट दिला जातो. डोंगर कापून घरासाठी सपाटी केली असेल, तर कापलेल्या कडेच्या वरच्या अंगाला पाणी जिरवू नये. भिजलेली चिकणमाती निसरडी होते आणि वरचा भार घेऊन खाली येते. अशा ठिकाणी वरचं पाणी चराने बाजूला काढून, घर आणि जोतं सोडून खालच्या अंगाला मुरवावं.

पेव्हरचं म्हणाल तर ते सिमेंटच्या थरावर बसवले की अंगणाचं छप्परच होतं. सगळं पाणी रस्त्यावर आणि उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत खालून धग. गाडीच्या वाटेपुरते हवेच असतील तर वाळूवर, सांधे मोकळे ठेवून बसवा. पावळीखाली, म्हणजे छपराच्या कडेवरून पाणी पडतं तिथे, जांभ्याच्या खडीचा हातभर पट्टा घातला तरी धारांचा मार तो झेलतो, जोत्यावर चिखल उडत नाही. हिरवळीचा हट्ट तर मला कळतच नाही. उन्हाळ्यात दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे गुंठाभर लॉनला रोज ५०० लिटर. विहीर आटत असताना!

गडग्याची, म्हणजे सिमेंटशिवाय नुसते दगड रचून केलेल्या कुंपणाची, चेष्टा करणाऱ्यांनी थोडं भौतिकशास्त्र पाहावं. उतारावरच्या अंगणात २ मीटर उंच सिमेंटच्या भिंतीमागे पाणी तुंबलं, तर नुसत्या पाण्याचाच रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे २ टन होतो. उंची निम्मी केली तर तो चौथाईवर येतो, कारण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. जुलैत नव्या कोऱ्या भिंती आडव्या होतात त्या बऱ्याचदा यामुळे. कोरडा रचलेला गडगा दगडांच्या फटींतून पाणी सोडून देतो, म्हणून हा रेटा तयारच होत नाही. सिमेंटचीच भिंत हवी असेल तर तिच्यात पाणी जायला पाइप ठेवा आणि मागे खडी भरा. गडग्याच्या फटींत फुरसं हा विषारी सापही राहतो हे खरं. तेव्हा गडग्यालगत पालापाचोळा साठू देऊ नये आणि रात्री बॅटरीशिवाय तिथे जाऊ नये.

वाऱ्याचंही तेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळीच्या बागा झोपवल्या. उंच सलग भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे घालत खाली येतो. निम्मा वारा आरपार जाऊ देणारी झाडांची रांग त्याला मंदावते आणि तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. समुद्राच्या अगदी तोंडावर घर असेल तर खारा वारा सोसणारी उंडी किंवा भेंड लावावी.

माडाला सोटमूळ नसतं आणि त्याची मुळं वडा-पिंपळासारखी जाड होत जात नाहीत, त्यामुळे जोत्याला त्याचा त्रास नाही. अंतर ठेवायचं ते नारळ-झावळ्या कौलांवर पडू नयेत म्हणून. त्याची बहुतेक कामाची मुळं बुंध्यापासून २ मीटरच्या आत असतात, तेव्हा पाणी आणि खत तिथेच. त्या आळ्याच्या कडेने चर खणून सोडणं, म्हणजे नारळाची सालं, खोलगट बाजू वर करून थरांनी पुरावीत. सोडण आपल्या वजनाच्या तिप्पट ते पाचपट पाणी धरतं आणि कुजायला पाच-सात वर्षं घेतं. चुलीत किंवा बंबात जाणाऱ्या सोडणांपैकी निम्मी जरी मातीत गेली तरी पुष्कळ झालं. न्हाणीचं पाणी केळी, अळू, कर्दळीला सोडावं. साबणाचा बराचसा भाग मुळांभोवतीचे जिवाणू पचवतात. कपडे धुण्याच्या पावडरीतलं सोडियम मात्र मातीत साठतं, म्हणून ते पाणी एकाच आळ्यात वर्षानुवर्षं नको.

सदाहरित सावलीसाठी कोकमासारखं झाड नाही. फक्त रोप बी पेरून केलेलं घेऊ नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांच्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत काहीच कळत नाही. तोवर सहा-सात वर्षं गेलेली असतात. मादी झाडाचं कलम आणावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात त्यासाठीच आहे. आधीच लावलेलं झाड नर निघालं, तरी तोडू नये. सावली तो तेवढीच देतो. सोलकढीपुरते रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, शेजाऱ्यांकडून आणायचे.