भोपळ्याचा दिवा दोन हजार वर्षांचा? नाही

ऑक्टोबर आला की एक मेसेज फिरू लागतो: आयर्लंडचे लोक दोन हजार वर्षांपासून हॅलोविनला (ऑक्टोबरअखेरचा भुताखेतांचा सण) भोपळे कोरून दिवे लावतात. हे शक्यच नाही. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडाचा. कोलंबसच्या आधी युरोपात तो कुणी पाहिलाही नव्हता. (आपल्या घारग्यांतला भोपळाही तिकडचाच.)

आयर्लंडमध्ये कोरत ते सलगम. मुठीएवढा कंद, टणक, पोखरताना हात भरून येतील असा. डोनेगल परगण्यातल्या फिनटाउनच्या अशा एका सलगमाचा प्लास्टरचा ठसा आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: खोल डोळे, विचकलेले दात. भोपळ्याचा हसरा चेहरा त्यापुढे अगदीच गरीब वाटतो. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेत गेली, तिथे मोठा, सहज कोरता येणारा भोपळा आयता मिळाला.

आणि बातम्यांत दिसणारे ते राक्षसी भोपळे? ते तर कालपरवाचे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘अटलांटिक जायंट’ वाण तयार केलं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात एक भोपळा १,२४७ किलो भरला. असल्या धुडाची भिंत इतकी जाड की सुरीचं काम नाही, करवतच लागते.