इंदूरच्या कपाटांतील हॉरर कॉमिक्स: एका संग्रहाची पार्श्वभूमी

इंदूरच्या एखाद्या मराठी संग्राहकाने जुन्या हॉरर कॉमिक्सचे कपाट उघडले, तर त्यात मराठी मजकूर फारसा सापडत नाही. बहुतेक अंक १९८० आणि १९९० च्या दशकांत दिल्लीहून निघालेले आणि हिंदीत असतात, काही अमेरिकन कथांची अलीकडची पुनर्मुद्रणे असतात, आणि कडेला ‘चांदोबा’चे बांधीव खंड असतात, जे काटेकोर अर्थाने कॉमिक्स नव्हतेच. हे मिश्रण योगायोगाने जमलेले नाही. अमेरिकेतील एक सुनावणी, भारतातील एक कायदा, मराठी भयकथेचे गद्याकडे झुकलेले वळण आणि पुण्यातील चित्रकारांनी दिल्लीसाठी केलेले काम या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

भयकथांना वाहिलेली नियमित कॉमिक मालिका अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झाली, परंतु या प्रकाराला स्वतःचे रूप मिळाले ते १९५० मध्ये, जेव्हा विल्यम गेन्स आणि संपादक अल फेल्डस्टाइन यांच्या ईसी कॉमिक्सने एकाच वर्षी तीन भयमालिका बाजारात आणल्या. दहा सेंट किमतीच्या त्या अंकांतील जॉनी क्रेग, जॅक डेव्हिस आणि ग्रॅहम इंगल्स यांची चित्रे आजही अभ्यासावीत अशी आहेत. विशेषतः इंगल्स यांच्या कुजक्या, ओघळत्या रेषेचा प्रभाव पुढच्या दोन पिढ्यांवर राहिला. त्या काळी गावोगावी कॉमिक्सच्या होळ्या पेटत होत्या. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे कॉमिक्सविरोधी पुस्तक निघाले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्स यांची साक्ष झाली. तुटलेले मुंडके दाखवणारे मुखपृष्ठ हे सुरुचीचे लक्षण आहे काय, असे त्यांना विचारण्यात आले आणि हॉरर कॉमिकच्या मर्यादेत आहे, असे उत्तर त्यांनी दिले. त्या उत्तराने त्यांचे प्रचंड नुकसान झाले. वर्षअखेर प्रकाशकांनी स्वतःहून स्वीकारलेल्या संहितेने शीर्षकात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्दच निषिद्ध ठरवले, आणि १९५५ च्या आरंभापर्यंत ईसीच्या तिन्ही भयमालिका बंद पडल्या. रक्तपिपासू आणि लांडगामानव यांना संहितेने पुन्हा प्रवेश दिला तो थेट १९७१ मध्ये.

त्या अंकांची दुर्मिळता या इतिहासातून आली: जे जळाले ते जळाले आणि जे छापायचे होते ते छापलेच गेले नाही. गेन्स यांनी मात्र प्रत्येक अंकाच्या सुमारे डझनभर प्रती बाजूला जपून ठेवल्या होत्या. पुढे त्या विक्रीला आल्या, तेव्हा संग्राहकांना त्या कागदाचा मूळ पांढरेपणा पाहायला मिळाला. प्रकाशकाने आपल्याच मालाची अशी काळजी घेतल्याचे उदाहरण आपल्याकडे असते, तर आज कितीतरी शोध सोपे झाले असते.

ही लाट अटलांटिक ओलांडून ब्रिटनमध्ये पोहोचली. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगोच्या गोर्बल्स भागात शेकडो मुले लोखंडी दातांच्या रक्तपिपासूला शोधत स्मशानभूमीत जमली आणि दोष अमेरिकन कॉमिक्सवर आला. असा राक्षस कोणत्याही कॉमिकमध्ये पुढे अभ्यासकांना सापडला नाही. लोखंडी दात बायबलमध्ये होते आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एका कवितेतही होते. तरीही १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, आणि त्याच धर्तीवर भारतीय संसदेने १९५६ मध्ये आपला कायदा संमत केला. चित्रांसह वा चित्रांवाचून सांगितलेल्या ज्या कथांत गुन्हे, क्रौर्य किंवा किळसवाणे व भयंकर प्रसंग अशा रीतीने रंगवलेले असतील की तरुण वाचक बिघडेल, त्या कथा या कायद्याच्या कक्षेत येतात. भारतात स्वतःची हॉरर कॉमिक्स निघण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या विरोधातला कायदा तयार होता, ही बाब मला फार बोलकी वाटते.

मराठीत भीती होती, पण ती मुख्यतः अक्षरांत होती. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा पुस्तकांतून आणि दिवाळी अंकांतून इंदूरच्या मराठी घरांत पोहोचत, आणि वाचणाऱ्याने वाडा, विहीर, दिवा हे सारे आपल्या मनातच उभे करायचे असे. चित्राची भूक भागवली ती ‘चांदोबा’ने. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ मध्ये सुरू झाली. हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम राजा, हे शंकर या चित्रकाराने काढलेले चित्र तीन-चार पिढ्यांच्या मराठी मुलांनी पाहिलेले पहिले भयचित्र असावे. मात्र त्या भोवती कथा होती ती नीतीच्या कोड्याची. भयासाठी भय हा तिचा हेतू नव्हता.

ती उणीव हिंदीने भरून काढली. मनोज, राज, तुलसी या प्रकाशनांनी १९८० च्या दशकात स्वस्त कागदावरील, मध्ये पिना मारलेली पातळ कॉमिक्स ‘सेट’च्या, म्हणजे एकदम निघणाऱ्या काही अंकांच्या, रूपाने बाजारात ओतायला सुरुवात केली. त्यांत नायकांच्या कथांच्या बरोबरीने भुताखेतांच्या स्वतंत्र कथा असत आणि राज कॉमिक्सने तर ‘थ्रिल हॉरर सस्पेन्स’ या नावाने त्यांची वेगळी मालिकाच चालवली. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलणाऱ्या इंदूरच्या मुलाला ती वाचायला कसलाच अडसर नव्हता. पण त्या मुलाने चित्रकाराचे नाव वाचले असते, तर त्याला ओळखीचा सूर ऐकू आला असता. मनोज कॉमिक्सची कितीतरी पाने दिलीप कदम आणि विजय कदम या बंधूंनी काढली. राज कॉमिक्सचा १९८६ मध्ये अवतरलेला नायक नागराज याला पहिले रूप देणारे प्रताप मुळीक पुण्याचे. मुळीक आणि दिलीप कदम या दोघांनीही ‘अमर चित्र कथा’साठी पौराणिक व ऐतिहासिक चित्रे काढली होती, त्यामुळे दागिने, वस्त्रे, वाड्यांच्या कमानी आणि स्नायूंची बांधणी यांवर त्यांचा हात बसलेला होता. हिंदी भयकथेतील जुनी हवेली आपल्याला अनेकदा परकी वाटत नाही, याचे एक कारण मी इथे शोधतो. इंदूरचा मराठी संग्राहक हिंदी कॉमिक्स जमवतो तेव्हा तो मराठी चित्रकलेचा एक दुर्लक्षित भाग जपत असतो, असे माझे ठाम मत आहे. कलासमीक्षेने या पानांची घ्यावी तशी दखल घेतलेली नाही.

ही कॉमिक्स दुर्मिळ झाली ती अमेरिकेपेक्षा अगदी वेगळ्या कारणाने. कायद्याने नव्हे, वाचनाने ती संपवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या दुकानांतून ती किरायाने मिळत, एकच प्रत पन्नास हातांतून फिरे, दुकानदार मुखपृष्ठावर जाड टाका घाली किंवा चारपाच अंक एकत्र शिवून त्यांचा एक गठ्ठा करी. भयकथांना मागणी अधिक, म्हणून त्यांचे हालही अधिक झाले. १९९० च्या दशकात केबल आली, १९९३ मध्ये दूरचित्रवाणीवर साप्ताहिक भयमालिका सुरू झाली आणि किरायाची दुकाने एकामागून एक मिटली. माल किलोवर अटालेवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, गेला, त्यातला काही खजुरी बाजारातील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आला आणि बाकीचा लगदा झाला.

त्यामुळे आज जो अंक मिळतो त्याची तारीख ठरवणे हेच मोठे काम होऊन बसते, कारण या प्रकाशनांवर बहुधा प्रकाशनवर्ष छापलेले नसते. मग अंकक्रमांक, मुखपृष्ठावरील किंमत, मागील पानावरील आगामी सेटची जाहिरात आणि प्रकाशकाचा बदललेला पत्ता यांची सांगड घालावी लागते. पुनर्मुद्रणे ओळखण्याचाही हाच मार्ग आहे: क्रमांक जुना पण किंमत नव्या काळातली असेल, तर प्रत पहिल्या छपाईची नाही. कागद आम्लयुक्त असल्यामुळे तो कडेकडून पिवळा पडतो, आणि माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्याची दमट हवा लागली की पिना गंजून मधले पान सुटते. गंजलेली पीन काढून टाकावी, पान चिकटपट्टीने मात्र कधीही जोडू नये, कारण तिचा गोंद पुढे तपकिरी होऊन चित्रात उतरतो.

दुकानाचा रबरी शिक्का हा दोष समजून तो खोडण्याची किंवा शिक्क्याचे पान कापण्याची सवय काही विक्रेत्यांना आहे, आणि ती हानिकारक आहे. किरायाच्या दुकानांचे दप्तर बहुधा कोणी जपले नाही. इंदूरच्या कोणत्या भागात ही कॉमिक्स वाचली जात आणि कोणती मालिका कुठवर पोहोचली होती, हे आता त्या निळ्या-जांभळ्या शिक्क्यांवरूनच जुळवता येते.