मृत्युदंडाची नैतिकता

मृत्युदंडाची नैतिकता : गुन्ह्याबद्दल राज्यसंस्थेने माणसाचा जीव घ्यावा की नाही, या प्रश्नाची चर्चा. या शिक्षेला देहदंड, देहान्त शासन असेही म्हणतात; बोलण्यात मात्र सरळ 'फाशी'. कडेलोट, हत्तीच्या पायी देणे हे जुने प्रकार आता वाक्प्रचारापुरते उरले आहेत. या वादाच्या बऱ्याच बाजू नाशिकच्या इतिहासात प्रत्यक्ष घडलेल्या असल्याने येथे त्या शहराच्या आधाराने विवेचन केले आहे.

समर्थकांचा मुख्य आधार प्रतिफळाचा : जाणूनबुजून जीव घेणाऱ्याला त्याच मापाने मोजले नाही, तर मेलेल्याच्या जिवाची किंमत काय राहिली? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट या बाजूचा. दुसरा आधार जरबेचा. चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच त्याला उत्तर दिले होते, की क्षणात संपणाऱ्या मरणापेक्षा जन्मभराच्या कैदेचा धाक मोठा. तसेही जरबेचा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या लंगडाच. नुसता धाकच बसवायचा, तर तो निरपराधाला लटकावूनही बसतो.

नाशिकचे गोदाकाठचे आनंदवल्ली हे पूर्वीचे चावंडस. नारायणराव पेशव्यांचे काका राघोबादादा यांचा वाडा इथे होता आणि गावाचे नाव त्यांच्या पत्नी आनंदीबाईंवरून पडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी 'धरावे'चे 'मारावे' केले, ही 'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट आख्यायिकाच आहे. पण एका अक्षराच्या फेरफारावर माणसाचा जीव अवलंबून असतो, ही जाण लोकांनी त्यात नेमकी जपली. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाबद्दल राघोबादादांना 'देहान्त प्रायश्चित्त' सांगितले, अशी परंपरा आहे. शब्द मोठा विचार करण्याजोगा आहे. दंड दुसरा देतो, प्रायश्चित्त अपराध्याने आपणहून घ्यायचे असते. दादांनी ते घेतले नाही. शास्त्रीबुवांनी पुणे सोडले. प्रत्यक्ष मारेकऱ्यांपैकी काहींना पुढे देहान्त शासन झाले, दादा मात्र १७८३ मध्ये कोपरगावी वारले. फाशीचा दोर वरपर्यंत क्वचितच पोहोचतो, या आक्षेपाला मराठी इतिहासातले याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात क्रांतिकारक अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या झाडून ठार केले. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. गोळी एकट्या कान्हेरे यांनी झाडली होती, फासावर तिघे गेले. खुनापासून फाशीपर्यंत चार महिनेही लागले नाहीत. आज शहरातल्या मोठ्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. सरकार ज्याला खुनी म्हणून लटकावते त्याला लोक हुतात्मा म्हणतात, तेव्हा शिक्षा देणाऱ्याच्या अधिकाराचाच प्रश्न उभा राहतो. या उदाहरणाने फाशीविरोधकांनीही फार हुरळून जाऊ नये. कान्हेऱ्यांना मानणारे अनेक जण आजच्या खुन्याला फाशीच मागतात.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा (१९३५) यांमुळे नाशिकशी जोडले गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत असल्याचे सांगितले होते. अहिंसा आचरणात येवो न येवो, हा देश तिला नैतिक आदेश मानतो, हे त्यांचे कारण. ती रद्द झाली नाही. १९८० च्या बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती वैध ठरवली, मात्र 'विरळातील विरळ' प्रकरणांपुरती, आणि गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहायचे, या अटीवर. एकटे पडलेले न्या. भगवती यांचा आक्षेप होता, की ही निवड न्यायाधीशागणिक बदलणार. विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली.

भगवतींच्या आक्षेपाचा पडताळा नाशिक जिल्ह्यातल्याच एका खटल्याने दिला. जून २००३ मध्ये एका वस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुरावा तोच, आरोपी तेच. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर ठरले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई ठरवली. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळेच चार जण ओळखले होते. त्या चौघांवर खटला भरलाच गेला नव्हता.