एपिब्लास्ट म्हणजे एक्टोडर्म नव्हे, आणि हायपोब्लास्ट म्हणजे एंडोडर्म तर मुळीच नव्हे

बारावीच्या जीवशास्त्रात एक सुटसुटीत मांडणी शिकवली जाते. ब्लास्टोसिस्ट, म्हणजे फलनानंतर पाचेक दिवसांचा पोकळ भ्रूण, गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की त्याच्या आतल्या पेशीपुंजाचे दोन थर होतात, बाहेरचा एक्टोडर्म आणि आतला एंडोडर्म. मग या दोहोंच्या मधे मेसोडर्म येतो, आणि या तीन थरांपासून पुढे बाळाचं शरीर घडतं. दोन-तीन वाक्यांत विषय संपतो. मुलं ते पाठ करून नीट देतात, एमबीबीएसला किंवा बीएएमएसला येतात, आणि एपिब्लास्ट-हायपोब्लास्ट ही दुसऱ्या आठवड्यातल्या भ्रूणाच्या वरच्या-खालच्या थरांची नवी नावं भेटली की ती जुन्याच खणांत बसवून टाकतात. वरचा तो एक्टोडर्म, खालचा तो एंडोडर्म. तोंडी परीक्षेत विचारावं, ‘आतड्याचं अस्तर कशापासून?’ उत्तर येतं, ‘एंडोडर्मपासून.’ अगदी बरोबर. ‘आणि हा एंडोडर्म कुठून आला?’ ‘हायपोब्लास्टपासून.’ हे साफ चूक आहे. कोचिंगच्या नोट्स, यूट्यूबवरची व्याख्यानं, व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते, सगळीकडे ही चूक इतक्या आत्मविश्वासाने छापलेली असते की बरोबर उत्तर देणाऱ्यालाच शंका यावी.

आधीचा भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर. गर्भनलिकेत फलन, पेशींची विभाजनं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोरुला म्हणजे पेशींचा भरीव गोळा, पाचव्या दिवसाच्या आसपास ब्लास्टोसिस्ट. ट्रोफोब्लास्ट हा त्याचा बाहेरचा थर वारेच्या कामाला लागतो आणि आतला पेशीपुंज पुढे बाळाच्या. सहाव्या-सातव्या दिवशी रुजायला सुरुवात. इथपर्यंत सहसा कोणी चुकत नाही. सायटोट्रोफोब्लास्ट आणि सिन्सिटिओट्रोफोब्लास्ट या ट्रोफोब्लास्टच्या दोन भागांत घोळ होतो खरा, पण त्याला एक वाक्य पुरे: पहिल्यात पेशी सुट्या असतात आणि विभागत राहतात, दुसऱ्यात त्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात.

खरी अडचण दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. आठव्या दिवसाच्या सुमाराला पेशीपुंजाची दोन थरांची चपटी चकती झालेली दिसते. वर उंच, खांबासारख्या पेशींचा एपिब्लास्ट, खाली लहान, घनाकृती पेशींचा हायपोब्लास्ट. एपिब्लास्टच्या वर अम्नियॉटिक पोकळी (पुढे गर्भजल असते ती), हायपोब्लास्टच्या खाली योक सॅक ही पिशवी. चित्र इतकं स्वच्छ आहे की पुढच्या आठवड्यातलं तीन थरांचं चित्र शेजारी ठेवल्यावर डोळा आपोआप वरच्याला वरचा आणि खालच्याला खालचा जोडून मोकळा होतो. त्यात अनेक पुस्तकं एपिब्लास्ट निळा आणि हायपोब्लास्ट पिवळा रंगवतात, आणि पुढच्याच पानावर एक्टोडर्म निळा, एंडोडर्म पिवळा. या रंगसंगतीने जेवढं नुकसान केलं आहे तेवढं कुठल्याही चुकीच्या वाक्याने केलं नसेल. माझ्या फळ्यावर एपिब्लास्ट पांढऱ्या खडूने काढला जातो आणि हायपोब्लास्ट तुटक रेषेने. निळा, लाल आणि पिवळा हे तिन्ही खडू तिसऱ्या आठवड्यापर्यंत डब्यातच राहतात.

कारण बाळाच्या शरीराचे तिन्ही थर एकट्या एपिब्लास्टपासून होतात. एक्टोडर्मही, मेसोडर्मही आणि एंडोडर्मही.

हे कसं घडतं ते सावकाश पाहू, कारण सगळा गोंधळ याच हालचालीत सुटतो. साधारण पंधराव्या दिवशी चकतीच्या शेपटीकडच्या टोकाला, मधोमध, एपिब्लास्टच्या पृष्ठभागावर एक अरुंद पट्टा उमटतो. हीच प्रिमिटिव्ह स्ट्रीक. तो पट्टा डोक्याच्या दिशेने लांबत जातो आणि त्याच्या पुढच्या टोकाला प्रिमिटिव्ह नोड नावाचा उंचवटा तयार होतो. एपिब्लास्टच्या पेशी दोन्ही बाजूंनी या पट्ट्याकडे सरकू लागतात. पट्ट्यापाशी पोचलेल्या पेशींचं रूप पालटतं. शेजारणीला घट्ट धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन त्या कमी करतात, आणि त्यामागे पट्ट्यातल्या पेशींनीच सोडलेल्या एफजीएफ-8 या रेणूचा हात असतो. पायाखालचा पडदा विरतो, पेशींचा खांबासारखा आकार जाऊन तो सुरईसारखा होतो, आणि त्या एकेक करून वरच्या थरातून सुटून खाली उतरतात.

उतरणाऱ्या पेशींत क्रम आहे. आधी उतरलेल्यांपैकी काही थेट तळाशी जातात, हायपोब्लास्टच्या पेशींमध्ये घुसतात आणि त्यांना कडेला सारतात. त्या जागी जो नवा थर बसतो तो एंडोडर्म. बाकीच्या पेशी मधल्या जागेत पसरतात, तो मेसोडर्म. खाली न उतरता वरच राहिलेला एपिब्लास्ट म्हणजे एक्टोडर्म. तेव्हा एपिब्लास्टपासून एक्टोडर्म होतो हे विधान खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच ते जास्त घातक ठरतं. विद्यार्थ्याला त्यात सत्याचा अंश दिसतो आणि तो उरलेल्या दोन थरांचा उगम दुसरीकडे शोधत बसतो.

यावर नेहमीची शंका येते की हे आपल्याला कळलं कसं. माणसाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या गर्भावर कोणी खुणा करून पाहिलेल्या नाहीत. पण उंदरात हे काम नेटकेपणाने झालं आहे. रिचर्ड गार्डनर आणि जॅनेट रोसांट यांनी 1979मध्ये साडेचार दिवसांच्या उंदीर-भ्रूणातल्या एपिब्लास्टच्या आणि हायपोब्लास्टशी समकक्ष थराच्या पेशी वेगळ्या केल्या आणि दुसऱ्या ब्लास्टोसिस्टमध्ये सोडल्या. एपिब्लास्टच्या पेशींचे वंशज पिल्लाच्या शरीरात सापडले. दुसऱ्या थराचे वंशज योक सॅकच्या अस्तरात सापडले. पुढे 1991मध्ये कर्स्टी लॉसन आणि सहकाऱ्यांनी एपिब्लास्टच्या एकेका पेशीत खूण सोडून तिची संतती कुठे जाते ते पाहिलं, आणि एंडोडर्मसकट तिन्ही थरांचा माग एपिब्लास्टपर्यंत लागला. माणसाबद्दल म्हणाल, तर 2021मध्ये ‘नेचर’मध्ये 16 ते 19 दिवसांच्या एका मानवी भ्रूणाचा पेशीगणिक जनुकीय अभ्यास आला. त्यात हायपोब्लास्ट आणि खरा एंडोडर्म हे पेशींचे दोन वेगळे गट म्हणून ओळखता आले. ते एकच असते, तर असे वेगळे निघाले नसते.

इथे एक बारकावा प्रामाणिकपणे सांगायला हवा. ‘हायपोब्लास्ट पूर्णपणे हाकलला जातो’ हे वाक्य मी वर्गात वापरत नाही. उंदरात 2008मध्ये दाखवलं गेलं की त्या जुन्या थराच्या काही पेशी कडेला न जाता नव्या एंडोडर्ममध्ये विखरून मिसळतात आणि आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तरात दिसतात. म्हणून ‘बहुतांशी बाजूला सारला जातो’ असं म्हणावं. याचा आधार घेऊन ‘म्हणजे हायपोब्लास्टपासूनच एंडोडर्म होतो ना’ असं म्हणणाऱ्याला मात्र मी गुण देणार नाही. थोड्या पेशींची मिसळ होणं वेगळं आणि थराचा उगम असणं वेगळं.

मग हायपोब्लास्ट करतो काय? त्याला निरुपयोगी समजणं ही वरच्या चुकीची दुसरी बाजू आहे, आणि तीही तितकीच सल देते. योक सॅकचं अस्तर त्याचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. उंदरात या थराचा पुढच्या टोकाकडचा भाग सर्बेरस आणि लेफ्टी-1 हे रेणू सोडतो आणि नोडल नावाच्या संदेशाला तिथे आवर घालतो. त्यामुळे स्ट्रीक मागच्या टोकालाच उमटते. तो आवर काढून घेतला तर भलत्या जागी जास्तीच्या स्ट्रीक तयार होतात. बाळाच्या शरीरात जवळजवळ काहीच न देणारा थर बाळाच्या शरीराची दिशा ठरवतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं. हायपोब्लास्टला एंडोडर्म म्हणून टाकलं की नेमकं तेच हातातून जातं.

दुसरी तक्रार बेडकाबद्दल. गॅस्ट्रुलेशन, म्हणजे हे तीन थर तयार होण्याची क्रिया, शिकवताना फळ्यावर बेडकाचा किंवा सी-अर्चिनचा गोळा काढायचा, त्याला एका बाजूने आत घडी पाडायची, आतल्या पोकळीला आर्केंटेरॉन म्हणायचं आणि ‘माणसातही असंच’ म्हणून पुढे जायचं, हे थांबायला हवं. माणसात गोळा आत दुमडत नाही. चपट्या चकतीतून पेशी सुट्या सुट्या खाली उतरतात. तुलनेला कोंबडीचं अंडं घ्या. तिथेही चकती आहे, स्ट्रीक आहे, आणि हायपोब्लास्ट तिथेही गर्भाच्या शरीराबाहेरच राहतो. गर्भाचे थर प्रथम वर्णन करणाऱ्या ख्रिस्तियान पांडर यांनी 1817मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरच काम केलं होतं.

किरकोळ गोष्टी दोन. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिसणारा एक्स्ट्राएम्ब्रियॉनिक, म्हणजे गर्भाच्या शरीराबाहेरचा, मेसोडर्म आणि स्ट्रीकमधून उतरलेला बाळाचा मेसोडर्म एक नाहीत. ‘मेसोडर्म तिसऱ्या आठवड्यात, मग हा आधीच कसा?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आणि मेसेंकाइम हे जननस्तराचं, म्हणजे या तीन थरांपैकी एखाद्याचं, नाव नाही. सैल, विखुरलेल्या पेशींच्या ऊतीला मेसेंकाइम म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी मेसोडर्मची असते, पण चेहऱ्यातली बरीचशी न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींपासून, म्हणजे एक्टोडर्मच्या वंशातून येते.

आयव्हीएफ करून घेणाऱ्या जोडप्यांनाही हा फरक उपयोगी आहे. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट गर्भाशयात सोडतात तेव्हा अहवालात आतल्या पेशीपुंजाला अ, ब, क अशी श्रेणी दिलेली असते. ती श्रेणी वाचून ‘बाळाचे थर नीट झालेत का’ असं विचारणारे नातेवाईक भेटतात. त्या वेळी तिन्हींपैकी एकही थर अस्तित्वात नसतो, त्याला अजून दहाएक दिवस असतात. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण वाढवण्यावरची चौदा दिवसांची मर्यादाही याच टप्प्याशी बांधलेली आहे. ब्रिटनच्या वॉरनॉक समितीने 1984मध्ये ती सुचवताना प्रिमिटिव्ह स्ट्रीक हीच खूण धरली होती. भारतातल्या 2017च्या स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वांतही चौदा दिवस किंवा स्ट्रीक, यांतलं जे आधी येईल ते, अशीच अट आहे. दुसऱ्याच आठवड्यात एक्टोडर्म-एंडोडर्म झाले असते, तर स्ट्रीकला इतकं महत्त्व देण्याचं कारण उरलं नसतं.

स्ट्रीकचं काम संपलं की ती आक्रसत शेपटीकडे जाते आणि चौथ्या आठवड्याअखेर नाहीशी होते. तिचे अवशेष मागे राहिले तर माकडहाडाजवळ सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा ही गाठ होते, असं मानलं जातं. साधारण 35 ते 40 हजार जन्मांमागे एका बाळात ती आढळते, मुलींत जास्त. तिच्यात त्वचा, केस, कूर्चा, आतड्यासारखं अस्तर असं तिन्ही थरांचं ऊतक एकत्र सापडू शकतं.

शेवटी तोंडी परीक्षेतला माझा आवडता प्रश्न. तिसऱ्या आठवड्यानंतरही चकतीत दोन जागी मेसोडर्म शिरत नाही: पुढे तोंडाच्या जागचा ऑरोफॅरिंजियल पडदा आणि मागे गुदद्वाराच्या बाजूचा क्लोएकल पडदा. तिथे दोनच थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ते कोणते? ‘एपिब्लास्ट आणि हायपोब्लास्ट’ असं उत्तर आलं, की विद्यार्थ्याने फक्त चित्रातले थर मोजले आहेत हे कळतं. ते थर एक्टोडर्म आणि एंडोडर्म आहेत, आणि दोन्ही आले आहेत एपिब्लास्टमधून.